इंग्रजी धावते तिथे मराठी चालते

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

छोटीच्या परीक्षेसाठी इंग्रजीचे कोणते शब्द पाठ करून घेऊ, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी 'पत्रात लिहिते' म्हणून वेळ मारून नेली. दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतंच. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

मोठमोठ्या शब्दांची यादी तिला देऊ नका. न्यूमोनिया, अ‍ॅनेस्थेशिया, हायपरटेन्शन यातला एकही शब्द मला इथे नडला नाही. ते कुठेही गेलं तरी एकाच अर्थाने येतात आणि नर्सिंगच्या पुस्तकांत होतेच. मला नडला तो 'रन'. तुम्ही मला अगदी पहिल्यांदा शिकवलेल्या क्रियापदांपैकी एक. रन म्हणजे धावणे, असं म्हणून तुम्ही मला खरोखर धावायला लावलं होतंत, आठवतं?

माझ्या इथल्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. वॉर्डातले एक आजोबा सकाळी मला म्हणाले, 'आय हॅव गॉट द रन्स.' आदल्या संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेट लागलं होतं आणि ते मन लावून बघत होते, त्यामुळे मला वाटलं मॅचचंच काही सांगताहेत. मी मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेले. 'द रन्स' म्हणजे जुलाब, बाबा. जुलाब सुरू झालेल्या पेशंटला इथे लगेच वेगळ्या खोलीत हलवतात आणि त्याच्याकडून आल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवायचे असतात, कारण पोटाच्या काही जंतूंवर अल्कोहोलच्या जेलचा भरवसा धरता येत नाही. दुसऱ्या सिस्टरच्या हे लक्षात येईपर्यंत तास गेला होता. सुदैवाने कोणाला लागण झाली नाही. पण तो माणूस मला स्वतःहून सांगत होता आणि मला कळलं नाही, हे अजून बोचतं. त्या रात्री एक वही काढली आणि कानावर पडलेला प्रत्येक 'रन' तिच्यात उतरवायला लागले.

वही भरत गेली. ताप असला की पेशंट 'रनिंग अ टेम्परेचर' असतो. सर्दीने नाक वाहतं तेही रनिंग. मधुमेह घराण्यातच असेल तर तो फॅमिलीत 'रन' होतो. रक्ताच्या तपासण्या करायच्या म्हणजे टेस्ट रन करायच्या. एखादी गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची तर ती त्यांच्या 'बाय' रन करायची. डॉक्टरांना उशीर होत असला की ते 'रनिंग लेट', मग ते खुर्चीत शांत बसून फाईल का वाचत असेनात. आणि एक आजी मला म्हणाल्या होत्या की त्यांना फार 'रन डाउन' वाटतंय. गाडीने कोणाला उडवलं तर त्यालाही रन डाउन म्हणतात, हे मी नुकतंच शिकले होते, त्यामुळे मी घाबरून त्यांना कुठे लागलंय का ते बघायला लागले. त्यांना म्हणायचं होतं, अंगात त्राण उरलेलं नाही. त्यांनी माझा हात हातात घेऊन हळूहळू समजावून सांगितलं. त्यांचे ते शब्द वहीत जसेच्या तसे आहेत.

पण मला हा शब्द खरा कळला तो सलाईन लावताना. सलाईनची पिशवी टांगली की आधी नळीतली हवा काढायची असते. नळीवरचं चाक सैल करायचं, वरच्या छोट्या कुपीत थेंब पडायला लागतात, मग पाणी नळीतून खाली सरकतं आणि त्याच्या पुढे हवेचा बुडबुडा सरकत सरकत टोकाशी येऊन निघून जातो. तोवर नळी बोटांत धरून उभं राहायचं. याला म्हणतात लाईन 'रन थ्रू' करणं. मग सिस्टर सांगतात, एक लिटर आठ तासांत 'रन' करा. म्हणजे तासाला १२५ मिलिलिटर. मिलिलिटरला २० थेंब पाडणारी नळी असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळ समोर धरून मी ते थेंब मोजत होते. टप्, टप्, टप्. यात धावण्यासारखं काय आहे, असं मनात आलं, आणि पाठोपाठ लक्षात आलं की हे धावणं नाहीच, हे वाहणं आहे.

घरी येऊन शोधलं तर खरंच तसं निघालं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं जे मूळ रूप होतं त्यात धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. जर्मनने पुढे दोन वेगळे शब्द ठेवले, 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे वाहणं. इंग्रजीत मात्र नदी, नळ, नाक, धुतल्यावर उतरणारा कपड्याचा रंग, सगळं अजून 'रन'च होतं. तुम्हाला यात गोडी वाटेल म्हणून लिहिते: आपल्याकडे संस्कृतातला 'सृ' धातू अगदी असाच आहे. सरकणं, धावणं, वाहणं. सरिता त्यातूनच आली आणि आपलं 'सरणे'ही. आता बघा, दिवस सरले, पैसे सरले असं आपण म्हणतो तेव्हा ते संपले असं म्हणायचं असतं. इंग्रज त्यालाच 'रन आउट' म्हणतो. वॉर्डात हातमोजे संपले की स्टोअरमधून आवाज येतो, 'वी हॅव रन आउट!' मला इतकी वर्षं रन आउट म्हणजे फक्त धावचीत माहीत होतं. दोन वेगळ्या भाषांनी एकाच वाटेने जाऊन 'संपलं' हा अर्थ गाठला, हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, नाहीतर तुम्हाला तेव्हाच फोन केला असता.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. इंग्रजीत दुकान, शाळा, कारखाना, देश सगळं 'रन' करतात. यंत्र रन होतं, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम रन होतो, नाटक दोन वर्षं रन होतं. याच सगळ्या ठिकाणी आपण काय म्हणतो? दुकान चालतं. यंत्र चालतं. नाटक चालतं. संसार चालवतात, सरकार चालवतात. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी चालते. 'चालेल' एवढ्या एका शब्दात तर आपण होकारच देऊन टाकतो. आणि धावायची वेळ येते तेव्हा मराठीजवळ एक नव्हे, दोन शब्द आहेत. संकटात कोणी 'धावून' येतो आणि कोणी 'पळून' जातो. धावून गेला म्हणजे मदतीला, नाहीतर अंगावर. पळून गेला म्हणजे पाठ फिरवून. देवाचा धावा करतात, पळा नाही करत. इंग्रजीत 'रन टू' आणि 'रन अवे', धावणारा तोच. जवळ आला की लांब गेला हे पुढचा छोटा शब्द सांगणार.

निवडणुकीचं तर गंमतशीर आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्लंडमध्ये तोच 'स्टँड' करतो. आपलाही उभाच राहतो! आणि क्रिकेट: चौकार गेला तर फलंदाजाने जागचं हलायची गरज नाही, तरी चार 'रन्स' होतात. आपणही त्यांना चार धावा म्हणतोच की.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाबद्दल तुम्ही लहानपणी सांगायचात, तो १८८४पासून भागाभागाने निघत १९२८ साली पुरा झाला, आणि संपादक जेम्स मरे १९१५ सालीच गेले. १९८९ची दुसरी आवृत्ती २० खंडांची. तिच्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाकडे 'रन' आला. नऊ महिने त्यांनी तेवढ्या एका शब्दावर काढले. नुसत्या क्रियापदाचे अर्थ निघाले ६४५. सेट मागे पडला. मला वाटतं यंत्रं आली, आगगाड्या आल्या, मग कॉम्प्युटर आला आणि प्रत्येकाला चालवायला याच शब्दाला बोलावलं गेलं, म्हणून तो इतका फुगला असेल. ६४५ हा आकडा वाचला आणि त्या आजोबांपाशी माझं जे चुकलं होतं, त्याकडे मी जरा मायेने बघू शकले.

तर छोटीला सांगा, शब्द सुटा पाठ करू नकोस. आउट, डाउन, इंटू, थ्रू, लो, जो सोबती असेल त्याच्यासकट घे, आणि कोण कोणाला कुठे म्हणालं तेही शेजारी लिही. 'रनिंग लो' म्हणजे संपत आलंय. ऑक्सिजनच्या सिलिंडरबद्दल कोणी हे म्हटलं तर लगेच हलायचं असतं. हा एक शब्दप्रयोग तरी तिने आजच लिहून ठेवावा. वहीची पानं मी फोटो काढून पाठवते आहे. अक्षर रात्रपाळीचं आहे, तुम्ही वाचून दाखवा तिला.

आता माझं एक काम करा. इथे माझ्याबरोबरची एक मैत्रीण आहे, तिचीही मातृभाषा इंग्रजी नाही. माझी वही बघून तिने विचारलं, तुमच्या भाषेत असा कुठला शब्द आहे? मी म्हटलं, 'लागणे'. आणि सुरू झाले. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते, वेळ लागतो, नाद लागतो, कामाला लागतो, शोध लागतो, जाताना वाटेत नदी लागते. तो तुझा कोण लागतो, इथे ती थांबली आणि म्हणाली, नातंसुद्धा लागतं? एकोणीसपर्यंत पोचले आणि मग माझी गाडी अडली. तुम्हाला नक्की पन्नास येत असतील. पुढच्या पत्रात सगळे लिहून पाठवा, सोबतच्या शब्दांसकट. तिने त्यासाठी कोरी वही आणून ठेवली आहे.

आईला नमस्कार सांगा, तिला वेगळं लिहिते आहे. छोटीला खूप आशीर्वाद.

तुमची,
ताई