दुसऱ्या ट्यूबचे काय झाले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टीबी आता सहा महिन्यांत हद्दपार होणार, ही आपली कालची बातमी वाचली. बीपाल्म हे चार औषधांचे उपचार आले याचा आनंदच आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना मान्यता दिली. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. २६ आठवडे, सुई नाही. दीड-दोन वर्षे गोळ्या गिळणाऱ्यांची सुटका झाली. पण हा कोर्स ज्याला द्यावा लागतो, त्याचा टीबी रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला आधीच दाद देईनासा झालेला असतो. तो तसा का झाला, याबद्दल बातमीत अवाक्षर नाही. पुढाऱ्यांच्या भाषणात ते नसतेच. वर्तमानपत्रात असायला हरकत नव्हती.

इचलकरंजीकडच्या एका यंत्रमाग कामगाराचे उदाहरण घ्या. आरोग्य केंद्राचे नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल. पहिल्या ट्यूबमधल्या बेडक्यावर केलेल्या सीबीनॅट या जलद जनुकीय चाचणीचा रिपोर्ट दोन तासांत आला: टीबी आहे, रिफाम्पिसिन चालते. सगळे निर्धास्त. पण या चाचणीची नेहमीची कार्ट्रिज रिफाम्पिसिनपुरतेच बोलते. आयसोनियाझिड हे दुसरे मुख्य औषध चालते की नाही, हे दुसऱ्या ट्यूबमधल्या बेडक्यावर एलपीए ही वेगळी जनुकीय चाचणी केल्यावर कळते. ती ट्यूब घेतली शनिवारी दुपारी. कुरिअर येऊन गेलेले, नमुना थंड ठेवणारे जेल पॅक फ्रीझरमध्ये ठेवायचे राहिलेले. डबा सोमवारपर्यंत कपाटात. वर झाकण सैल, आणि रुग्णाचा निक्षय (सरकारी टीबी नोंदणी) क्रमांक ट्यूबऐवजी झाकणावर लिहिलेला.

असा नमुना उबेत राहिला की तोंडातले इतर जंतू माजतात. प्रयोगशाळेत ते मारायला सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. ते कमी पडले तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, भलतेच जंतू उगवतात, जास्त झाले तर टीबीचेही मरतात. एलपीए ‘इनव्हॅलिड’ आली, कल्चर खराब झाले. पुन्हा नमुना मागवेपर्यंत दीड महिन्याच्या गोळ्या पोटात गेलेल्या. आता सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसेनात, आणि जंतू दिसत नाहीत त्या बेडक्यावर थेट एलपीए करता येत नाही. मग परत कल्चर, त्याला ४२ दिवसांपर्यंत थांबा.

तोवर दोन महिने भरले. नियमाप्रमाणे चार औषधांच्या गोळीची तीन औषधांची झाली, पायराझिनामाइड बंद. आयसोनियाझिड पहिल्या दिवसापासून निकामी असेल, तर उरले रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल. इथॅम्ब्युटॉल सोबतीचे औषध, त्याच्यात एकट्याने लढायचा दम नाही. म्हणजे रिफाम्पिसिन जवळजवळ एकटे पडले, आणि पाचव्या महिन्यात तेही गेले. हा एमडीआर (दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा) रुग्ण बाहेरून आला नाही, आपल्याच यंत्रणेत घडवला गेला. रिपोर्ट वेळेत आला असता तर लेवोफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड असे सहा महिने देऊन प्रकरण मिटले असते.

आता त्याला बीपाल्म. बारा तास मागापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला लिनेझोलिड ६०० मि.ग्रॅ. रोज. पायांना मुंग्या, जळजळ, हिमोग्लोबिन खाली, नजरेवर लक्ष ठेवायचे, बेडाक्विलिनसाठी वरचेवर ईसीजी. कंटाळून सगळे एकदम सोडले तर त्याहून वाईट: बेडाक्विलिन शरीरात कित्येक महिने रेंगाळते, तेही एकटेच. मग त्यालाही जंतू सरावतात. बातमीतले ‘सहा महिने’ हे असे असतात.

यावर उपाय काही अवकाशयान नाही. पहिली गोळी देण्याआधी दोन्ही ट्यूब घ्या. लाळ नको, छातीतून खोकून काढलेला दोन ते पाच मिली बेडका. झाकण घट्ट, टेप, नाव-क्रमांक ट्यूबच्या अंगावर, गोठवलेले जेल पॅक, ७२ तासांत प्रयोगशाळेत. शनिवारी कुरिअर नसेल तर नमुना फ्रीजमध्ये. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडसाठी पावसाळ्याची वेगळी सोय हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रस्ते कसे बंद पडले ते आपणच छापले होते. आणि आयसोनियाझिडचा रिपोर्ट हातात नसेल तर दोन महिन्यांनंतर गोळी बदलण्याआधी कोणीतरी फोन उचलून चौकशी करावी. ‘टीबीमुक्त’च्या आढाव्यात किती रुग्ण शोधले हे विचारतात. दुसऱ्या ट्यूबचा रिपोर्ट किती दिवसांत आला, हे विचारताना कोणी दिसत नाही.

खासगी डॉक्टरांनीही साध्या खोकल्याला लेवोफ्लॉक्सासिन लिहिणे थांबवावे. आठवडाभर बरे वाटते, निदान लांबते आणि पुढे लागणारे औषध आधीच बोथट होते. ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे, दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवायची असते. वही कोण तपासतो, देव जाणे.

जाता जाता: त्याच बातमीशेजारी पोषण आहाराच्या टोपल्या घेणाऱ्या रुग्णांचा फोटो, चेहऱ्यांसह, खाली गावाचे नाव. देणाऱ्यांची नावे ठळक टायपात. त्यातल्या एखाद्या मुलीचे लग्न ठरत असेल, एखाद्याचा मालक उद्या ‘घरीच बस’ म्हणेल, याचा विचार फोटो निवडताना व्हायला हवा होता. आपल्या वेबसाइटवर तो अजून आहे. तो आज काढावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
राजारामपुरी, कोल्हापूर