ते लपले नव्हतेच, मंत्रीमहोदया

माननीय श्रीमती श्टेफानी हुबिग,
केंद्रीय न्यायमंत्री, जर्मनी

सादर नमस्कार.

या पत्राची जर्मन प्रत स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते की, इस्राएलमधल्या अश्दोद शहरात आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, घरांत माझे सासरे ज्यात साक्ष देणार होते, त्या खटल्याची चौकशी याच भाषेत होते आणि मला उत्तर देता येत नाही.

साक्सेनहाउझेन या नाझी छळछावणीचे माजी पहारेकरी ग्रेगोर फोर्मानेक एप्रिल २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून वारले. ३,३०० हून अधिक खुनांत साहाय्य केल्याचे आरोपपत्र २०२३ मध्ये आले होते. मे २०२४ मध्ये हानाउच्या न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून सुनावणी नाकारली, डिसेंबरमध्ये फ्रांकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि मग मृत्यूनेच प्रकरण मिटवले.

माझे सासरे सोळाव्या वर्षी त्या छावणीत होते. त्यांचे वडील तिथून परतले नाहीत. साक्षीसाठी प्रवास झेपेल असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र एका कार्यालयाने मागितले, आम्ही ते दिले, ‘लवकरच कळवू’ असे उत्तर आले, आणि पुढचे आम्हाला वर्तमानपत्रातून कळले. तेव्हापासून ते रात्री झोपत नाहीत, औषध घेत नाहीत आणि माझ्याशी धड बोलत नाहीत. ऐंशी वर्षे त्यांनी जे पोटात ठेवले होते, ते कायद्याच्या भरवशावर बोलायला लावणारी मीच; आणि मी आले ती कोकणातून, जिथे आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे शनवार तेल्यांना, धर्मापायी कुणी कधी बोट लावले नाही.

छळछावण्यांतले नाझी डॉक्टर मेंगेले ब्राझीलमध्ये आणि हाइम कैरोत लपला, हे सर्वांना ठाऊक आहे. बाकीचे मात्र खऱ्या नावाने, आपापल्या गावात, पेन्शन घेत जगले. त्यांना लपायची गरजच नव्हती, कारण प्रत्येकाचे स्वतंत्र कृत्य सिद्ध करा, असे आपल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून ठेवले होते. मृत्यूच्या कारखान्यात पहारा देणे हेही साहाय्यच, हे म्युनिकच्या न्यायालयाने सोबिबोर छावणीचा पहारेकरी देम्यान्युक याच्या खटल्यात मान्य करायला २०११ उजाडले. पश्चिम जर्मनीत लाखाहून अधिक संशयितांची चौकशी झाली आणि शिक्षा जेमतेम सहा-सात हजारांना, असे माझ्या वाचनात आहे. आकडा थोडा इकडेतिकडे असला, तरी आपली मान वर होण्याइतका तो खचितच बदलणार नाही. श्टुटहोफ छळछावणीची टंकलेखिका इर्मगार्ड फुर्खनर २०२१ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, सुनावणीच्या सकाळी वृद्धाश्रमातून टॅक्सीने पसार झाली, तेव्हा काही तासांतच सापडली. म्हणजे मनात आणले, तर आपल्या पोलिसांना माणसे सापडतात.

न्यायालये राज्यांच्या अखत्यारीत येतात, असे आपण म्हणाल. गेली ऐंशी वर्षे प्रत्येक जण दुसऱ्याच्या अखत्यारीकडेच बोट दाखवतो आहे.

आरोपी गेला, तरी साक्षीदार अजून जिवंत आहे. नाझी गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या लुडविग्सबुर्गच्या केंद्रीय कार्यालयामार्फत किंवा अन्य मार्गाने त्यांची साक्ष खटल्याविनाही नोंदवून घ्यावी, ही विनंती. प्रमाणपत्र तयार आहे. शनिवार सोडून कोणताही दिवस चालेल.

आपली,
साक्सेनहाउझेनच्या एका कैद्याची सून, अश्दोद