नवऱ्याची सही कोणत्या कायद्यात?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गर्भपातावरचा लेख वाचला. सहाव्या आठवड्यात ठोके लागतात, तेव्हा तो माणूसच, असा निकाल लेखकाने देऊन टाकला आहे. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. सहावा आठवडा म्हणजे गर्भ राहून जेमतेम चार, एवढे तरी लिहायचे होते. 2023 मध्ये 26 आठवड्यांच्या गर्भपाताला परवानगी द्यावी का, यावर सर्वोच्च न्यायालयातल्या दोन महिला न्यायमूर्तींचेही एकमत झाले नाही, प्रकरण तिघांच्या पीठापुढे गेले. आणि तुमच्या लेखकाला चार परिच्छेद पुरले!

ठोके मीही ऐकले आहेत. 2018 मध्ये, माझ्या मुलीच्या सोनोग्राफीत, एकोणिसाव्या आठवड्यात. ठोके होते, पण दोन्ही किडन्या तयार झालेल्या नव्हत्या, गर्भजल जवळजवळ नव्हते. फुप्फुसे वाढणार नाहीत, बाळ जन्मले तरी जगणार नाही, असे दोन डॉक्टरांनी सांगितले. मुलगी दोन रात्री रडली आणि तिने ठरवले. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती.

खासगी रुग्णालयात तिने सगळीकडे सह्या केल्या. तरी काउंटरवर म्हणाले, नवऱ्याची सही आणा. जावई सैन्यात, तेव्हा लेहला. "मग सासऱ्यांची चालेल." 1971 च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, दुसऱ्या कुणाचीच लागत नाही. मी ते कलम छापून नेले, वाचून दाखवले. "मॅडम, आमच्याकडे पद्धत आहे." जावई दिल्लीमार्गे पोहोचेपर्यंत तीन दिवस गेले. एकच दिवस हातात उरला होता.

त्या तीन दिवसांत बाळ पोटात फिरत होते. ती पोटावर हात ठेवायची आणि लगेच काढून घ्यायची. मी शेजारी बसून पाहत होते. आत जीव आहे, हे तिला लेख लिहून सांगायची गरज नव्हती. 29 वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या मुलीची सही मात्र कुणी धरली नाही.

2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवड्यांवर गेली, आणि असे गंभीर व्यंग असेल तर डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. चांगले झाले. पण गेल्याच महिन्यात शेजारच्या सुनेला दुसऱ्या एका दवाखान्यात तेच ऐकावे लागले: मिस्टरांना घेऊन या. यावर तुमच्या बातमीदाराने चार दवाखाने फिरून लिहावे.

आणखी एक. लेखासोबत दर वेळी नऊ महिन्यांच्या पोटाचा, बाईचा चेहरा नसलेला फोटो का छापता? माझ्या मुलीचे पोट तेव्हा ओढणीखाली दिसतही नव्हते. तो फोटो काल तिनेही पाहिला.

मुलीची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर