वाक्य पुरं होऊ दे

सहकारनगर, पुणे

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू मीटिंगचं सांगत होतीस. तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस, असं मॅनेजर म्हणाले. तू पुढे काही सांगणार, तेवढ्यात मीच सल्ला सुरू केला. तू "ठीक आहे बाबा" म्हणून फोन ठेवलास. रात्रभर तेच मनात घोळत होतं, म्हणून लिहायला बसलो.

भोसरीला कारखान्यात होतो तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग आम्ही मशीनशेजारी उभ्यानेच घ्यायचो. एका सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, जेवणाच्या सुट्टीनंतर बोअरचं, म्हणजे जॉबला (तयार होणाऱ्या भागाला) पाडलेल्या भोकाचं, माप मर्यादेबाहेर जात होतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 20 मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माप चुकलं की मशीनमधला ऑफसेट, म्हणजे हत्याराची जागा दुरुस्त करणारा आकडा, बदलतात. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते म्हणाले, "साहेब, सुट्टीनंतर ऑफसेट बदलला तर पहिले दहा जॉब बरोबर येतात..." मी म्हणालो, "मग बदला की! विचारताय काय?" मामांनी हातातलं बोअर गेज कापडाने पुसलं, डब्यात ठेवलं आणि ते गप्प झाले.

ऑफसेट बदलला. पहिले दहा जॉब बरोबर आले. पुढचे उलट्या बाजूने बाहेर गेले आणि लक्षात येईपर्यंत शिफ्टभराचा माल वाया गेला होता. सुट्टीत मशीन थंड व्हायचं, चालू झालं की पुन्हा तापायचं. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन वाढतं. हत्यार सरकवणारा अर्ध्या मीटरचा स्क्रू पाच अंश तापला तरी 30 मायक्रॉन झाले, आणि आमची सगळी मर्यादा 20 ची! माल बाजूला काढताना मामांनी राहिलेलं वाक्य सांगितलं: "...पण मशीन तापलं की पुढचे बिघडतात. त्यापेक्षा सुट्टीत ते नुसतं फिरत ठेवू." आवाजात राग नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. त्यानंतर कित्येक महिने मामा मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलले नाहीत.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" तर त्याच्याही मागून. "आजच बदल करायला हरकत" एवढंच ऐकून कुणी उठला, तर तो काय समजून जाईल? हिंजवडीत तुमचं बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं, ठाऊक आहे. पण तिथेही भिडस्त माणूस आधी होकार देतो आणि खरी अडचण "पण"च्या पुढे सांगतो.

मध्ये वाचलं होतं, 2009 मध्ये दहा भाषांतल्या बोलण्याचा अभ्यास झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. एक शब्द मनात जुळून ओठांवर यायलाच याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. हा काही तुझा एकटीचा दोष नाही, सोनू. तुला चटकन सुचतं, आणि सुचलेलं निसटेल अशी धास्ती असते. ते वहीत दोन शब्दांत टिपून ठेव आणि परत ऐकायला लाग. आपली पाळी आली की आधी विचार, "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे ना?" मी हे मामांना विचारलं असतं, तर त्यांनी तिथेच "नाही साहेब" म्हणून सांगितलं असतं. आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज मागून पोचतो, तिथे आणखी श्वासभर थांब.

"आता मी तोंडच उघडणार नाही" म्हणालीस, ते मात्र करू नकोस. तुला चूक दिसली, तर ती सांगायलाच हवी. समोरच्याचं पुरं ऐकून घेतलंस, तर तुझंही ऐकतील.

शनिवारी घरी ये. आई थालीपीठ लावेल म्हणाली. त्या मीटिंगचं मला पहिल्यापासून सांग. तुझं सांगून होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.

तुझे,
बाबा