‘इसवी’ हा शब्द राहू द्या

मा. संपादक,
स. न.

पाठ्यपुस्तकांत ‘इसवी सन’ न लिहिता ‘सामान्य युग’ लिहावे, म्हणजे कालगणनेतला धर्म निघून जाईल, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्याच्याच खाली दुसऱ्या पत्रात ही गणनाच परक्यांची, ती टाकून सरळ शके लिहा, असा आग्रह होता. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे दोघांशीही थोडे भांडावेसे वाटते.

पहिल्या पत्रलेखकांना विचारायचे आहे ते असे, की नाव बदलाल, पण आकड्याचे काय? हा आकडा ईस्टरच्या हिशेबातून आलेला आहे. सहाव्या शतकात रोममध्ये डायोनिसियस नावाचा एक मठवासी होता. नम्रपणे तो स्वतःला ‘एक्झिग्युअस’, म्हणजे अगदी लहान, क्षुद्र असे म्हणवी. ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे पुढच्या अनेक वर्षांची कोष्टके आधीच मांडून ठेवावी लागत. काम थेट आपल्या पंचांगकर्त्यांचे. त्याच्या हाती आलेल्या अलेक्झांड्रियाच्या कोष्टकांत वर्षे मोजली होती ती रोमन सम्राट डायोक्लिशनपासून, म्हणजे आजच्या २८४ पासून. ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केलेला हा सम्राट. देवाच्या सणाच्या कोष्टकात वर्षानुवर्षे त्याचे नाव गिरवायचे, हे डायोनिसियसला रुचेना. ५२५ साली त्याने नवे कोष्टक मांडले आणि जुन्यातल्या २४७ च्या पुढे २४८ न लिहिता ५३२ लिहिले: प्रभूच्या अवतारापासूनचे वर्ष. आज आपल्या वीजबिलावर आणि रेशनकार्डावर जे साल छापून येते, त्याचा उगम हा.

बरे, हिशेब तरी बरोबर होता का? मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला आणि हेरोद वारला तो इ. स. पूर्व ४ मध्ये, असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा जागी होत. शून्याचाही घोळ आहेच. इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १ येते, मध्ये शून्य नाही. म्हणूनच एकविसावे शतक २००१ च्या १ जानेवारीला सुरू झाले, जरी सगळ्या जगाने फटाके वर्षभर आधीच वाजवून घेतले. आपल्या शकात ही अडचण नाही, कारण आपण सरलेली वर्षे मोजतो, पोराचे वय मोजावे तशी.

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी मात्र डायोक्लिशनची गणना टाकली नाही. तेच २८४, तेच आकडे. त्यांनी फक्त नाव बदलून ‘हुतात्म्यांचा शक’ केले. ती गणना त्यांच्या चर्चमध्ये आजही चालू आहे. मारणाऱ्याचा शक मरणाऱ्यांच्या नावाने! मला हा सगळ्या कालगणनेच्या इतिहासातला सर्वांत देखणा बदल वाटतो.

तेव्हा नाव बदलणे हे काही पाप नाही, हे मलाही मान्य. ‘सामान्य युग’ हे धर्म न मानणाऱ्यांचे कालपरवाचे खूळ आहे, असेही नाही. केप्लरसारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती ज्योतिर्विदाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लॅटिनमध्ये तसा प्रयोग केला होता. पण कॉप्टिक लोकांच्या बदलाने एक आठवण जागी ठेवली. ‘सामान्य’ म्हटल्याने उरलेली आठवणही जाते आणि आकडा तेवढा जागच्या जागी राहतो. मुलगा विचारणारच, की सामान्य तर सामान्य, पण कशापासून? त्याला काय सांगायचे?

शिवाय ‘इसवी’ या शब्दाकडे कोणी नीट पाहतच नाही. इसा हे येशूचे अरबी नाव, त्यावरून इसवी. सनही अरबी. युरोपातल्या मठात जन्मलेली गणना आपल्याकडे मुसलमानी दरबाराच्या भाषेतून नाव घेऊन आली आणि मराठीत अशी मुरली, की आजीलाही ती घरचीच वाटते.

आता शकेवाल्या पत्राबद्दल. शके लिहायला माझी ना नाही, मी पत्रिका आणि वास्तुशांत त्यावरच केली. पण परके म्हणून एक टाकायचे आणि दुसरे घ्यायचे, तर ‘शक’ हे कोणाचे नाव? बाहेरून आलेल्या शकांचेच ना? ७८ मध्ये सुरू होणारी ही वर्षे पश्चिमी क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, नाण्यांवर सापडतात. ज्यांच्या पराक्रमाशी आपण ती जोडतो, त्या सातवाहनांनी नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत काळ दिला आहे तो राजाच्या राज्यवर्षाने. ‘शालिवाहन’ हे नाव या शकाला चिकटले ते हजाराहून अधिक वर्षांनी. आणि पेशवे दफ्तरातले मोडी कागद उघडा, तिथे सुहूर सन ही तिसरीच कालगणना भेटेल, तीही ‘खमस’, ‘सीत’, ‘सबा’ अशा अरबी संख्याशब्दांत. आमच्या पूर्वजांना त्याचा संकोच वाटला नाही.

धर्माचे भांडण तारखांत किती खोल गेले आहे, याचे घरचेच उदाहरण देतो. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या दिनदर्शिकेची, जिच्याप्रमाणे रायगडावर हजर असलेला त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दिवस मोजत होता. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दिनदर्शिकेतले दहा दिवस गाळून केलेली सुधारणा प्रोटेस्टंट इंग्लंडने १७५२ पर्यंत मानली नाही. पोपचे कशाला ऐकायचे, हा बाणा. गोव्यातल्या कॅथलिक पोर्तुगिजांकडे त्याच शनिवारी १६ जून होता. आपण ६ जूनला रायगड चढतो, त्यात रोम आणि लंडनच्या वैराचा दहा दिवसांचा वाटा आहे.

म्हणून विनंती अशी, की ‘इसवी’ राहू द्यावे आणि पाठ्यपुस्तकात या सगळ्याला अर्धे पान द्यावे. पुस्तके बदलायला वेळ लागेल. आपल्या दैनिकाला मात्र पुढच्या ६ जूनच्या अंकात चौकट टाकता येईल: शके १५९६, ६ जून जुन्या पद्धतीने, १६ जून नव्या पद्धतीने, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत राज्याभिषेक शक १.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, वाई