‘येनूफा’ आणि ओल्गा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चेक संगीतकार यानाचेक यांचा ‘येनूफा’ ऐकून तू लिहिलेस की, हा ऑपेरा म्हणजे मुलीच्या मृत्यूवर बापाने केलेला शोक आहे. साल-तारखा पाहिल्यास तर हे पुरते खरे नाही. गाब्रिएला प्राइसोवा यांचे मूळ नाटक 1890 सालचे, आणि यानाचेक यांनी ते हाती घेतले तेव्हा त्यांची मुलगी ओल्गा हयात होती. कथा त्यांच्या घरातून आली नव्हती. कथेवर काम चालू असताना दुःख घरात शिरले.

रशियन शिकण्यासाठी 1902 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेली ओल्गा तिथे विषमज्वराने आजारी पडली आणि परतल्यावरही सावरली नाही. हा ऑपेरा रंगमंचावर पाहणे आपल्या नशिबी नाही, हे ओळखून तिने तो वाजवून दाखवण्याचा आग्रह धरला, आणि वडिलांनी तो तिला पियानोवर ऐकवला. 26 फेब्रुवारी 1903 रोजी ती गेली, तेव्हा अवघी वीस वर्षांची होती. माणसांच्या बोलण्यातले चढउतार स्वरलिपीत टिपून ठेवण्याची यानाचेक यांना सवय होती. त्यांनी मुलीचा अखेरचा उसासाही तसाच टिपला. हे निष्ठुरपण म्हणावे की हाती उरलेला एकमेव आधार, हे मला बाप असूनही ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या अंकात नायिका येनूफा गुंगीतून जागी होऊन बाळाला शोधते, तेव्हा एकटे व्हायोलिन तिची सोबत करते. सावत्र आईने ते तान्हे बर्फाखाली बुडवले आहे, हे तिला ठाऊक नसते. बाळ गेले असे कळल्यावर ती आक्रोश करत नाही, हळू आवाजात गाते. 1890 मध्ये आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला, व्लादिमीरला, मुकलेल्या बापाला ही शांतता कुणी शिकवावी लागली नसणार, असे मला वाटते.

गंमत अशी की, पुढे ‘ओसुद’ या ऑपेरात यानाचेक यांनी स्वतःच्या प्रेमावर ऑपेरा लिहिणारा संगीतकारच नायक केला, आणि ‘ओसुद’ त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलाच नाही. ‘येनूफा’ मात्र 1904 मध्ये ब्रनोला आणि 1916 मध्ये प्रागला झाला. तो ओल्गाच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

तो दुसरा अंक एकदा संहिता बाजूला ठेवून ऐक, आणि त्या व्हायोलिनपाशी तुला काय जाणवले ते सविस्तर लिही.

तुझा,
बाबा