मानपाड्याच्या रिक्षावाल्या दादांचे आणि गॅरेजवाल्या काकांचे आभार

घोडबंदर रोडवर वडिलांच्या जुन्या मारुती ८००च्या मागच्या चाकाचे दोन स्टड, म्हणजे चाक धरून ठेवणारे बोल्ट, तुटले. चारांतले दोनच उरले. तशी गाडी पुढे नेणं म्हणजे जिवाशी खेळ. मागे रिक्षा आडवी लावून गाड्या वळवणारे दादा, आणि खाली ओढलेलं शटर आमच्यासाठी पुन्हा वर करणारे काका, तुमचे मनापासून आभार!

काकांनी हे स्टड ज्यात बसतात तो ब्रेकचा ड्रम उतरवला, तुटके तुकडे ठोकून काढले. नवे १२ मिलिमीटरचे स्टड मात्र ठोकले नाहीत. वॉशर घालून नट आवळत हळूहळू ओढून घेतले, मागचं डोकं ड्रमला पक्कं टेकेपर्यंत. इतकी माया जुन्या गाडीवर हल्ली कोण करतं? चाकाचे नट समोरासमोरचे आवळले आणि बजावलं, ‘थोडी चालली की परत आवळा.’

काका, आज आवळून पाहिले. घट्ट आहेत.